गावाबाहेरचे गाव : 'चाकूरकर' या आडनावाविषयी

लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकूर हे तालुक्याचे गाव लागते. या गावात उभे राहून कोणी 'चाकूरकर कुठे राहतात?' असे विचारले, तर फार तर एका सुप्रसिद्ध घराचा रस्ता दाखवला जाईल. त्या घराकडे आपण पुढे वळणारच आहोत. पण ते घर वगळले, तर प्रश्न काहीसा विचित्रच ठरतो. गावात राहणारे सगळेच चाकूरचे. त्यांच्यापैकी एखाद्यालाच चाकूरकर का म्हणावे? हाच प्रश्न लातुरात, हैदराबादेत किंवा पुण्यात विचारला, तर त्याला अर्थ येतो. गावावरून पडलेल्या आडनावाचा पहिला नियम येथेच दिसतो : ज्या गावाचे ते आडनाव, त्या गावाला त्याची गरज नसते. आडनाव जन्मते ते गावाच्या वेशीबाहेर, आणि ते देणारेही बहुधा गावाबाहेरचेच लोक असतात.

आडनावांचा अभ्यास आपल्याकडे प्रामुख्याने व्युत्पत्तीच्या अंगाने झाला आहे. 'हे आडनाव कशावरून पडले?' या प्रश्नाचे उत्तर मिळाले की आपले कुतूहल शमते. चाकूरकर म्हणजे चाकूरचा. इतके सांगितले की विषय संपल्यासारखा वाटतो. आम्हाला वाटते की खरा विषय तेथून सुरू होतो. हा माणूस चाकूर सोडून केव्हा गेला, कुठे गेला, त्याला हे नाव कोणी दिले, आणि त्याच गावातून गेलेल्या दुसऱ्या कोणाला ते का मिळाले नाही, हे प्रश्न इतिहासाचे आहेत. ज्यांच्याविषयी बखरींत ओळ नाही आणि गॅझेटियरात उल्लेख नाही, अशा सामान्य कुटुंबांच्या इतिहासाचा एखादा धागा आडनावातच उरलेला असतो.

प्रथम शब्दाची घडण पाहू. चाकूर, लातूर, देगलूर ही या पट्ट्यातील 'ऊर'कारान्त गावे. कानडी-तेलुगूत 'ऊरु' म्हणजे गाव. लातूरचे जुने रूप लत्तलूर असे असून राष्ट्रकूट राजांच्या बिरुदांत 'लत्तलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद येते. चाकूर हे नावही त्याच घडणीचे दिसते. म्हणजे 'चाकूरकर' या शब्दात दक्षिणेकडील गाववाचक अंश आणि त्यावर चढलेला मराठी प्रत्यय असे दोन थर एकत्र नांदतात. नावाचा धनी मराठी बोलतो, पण त्याच्या नावाचा पाया दुसऱ्या भाषेचा आहे. मराठवाड्याच्या या कोपऱ्यात त्याचे कोणालाही आश्चर्य वाटू नये.

'कर' हा प्रत्यय लागताना गावाचे नाव थोडे वाकते, हेही मराठीच्या शिक्षकांना ठाऊक आहे. निलंगा या गावाचे निलंगेकर होतात, औशाचे औसेकर; पण कुरुंद्याचे कुरुंदकर आणि साताऱ्याचे सातारकर. चाकूर व्यंजनान्त असल्याने त्याला असा काही त्रास होत नाही. मात्र सगळ्याच गावांची नावे शोधकाला सारखी उपयोगी पडत नाहीत. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात जागोजाग आहेत. त्यामुळे पिंपळगावकर म्हटल्यावर नेमके कोणते पिंपळगाव, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच विचारावे लागते. चाकूर, नळेगाव, चापोली, वडवळ अशी नावे त्या मानाने वेगळी उठून दिसतात. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत आणि त्यांतील प्रत्येक गाव तत्त्वतः एकेका आडनावाचे मूळ होऊ शकते. त्यामुळे जाधव, शिंदे, देशमुख, कुलकर्णी यांच्या मानाने गावावरून पडलेले प्रत्येक आडनाव स्वतंत्रपणे पाहिल्यास दुर्मिळ असते. आणि जे दुर्मिळ आहे त्याचाच माग काढता येतो.

गाव सोडल्याशिवाय गावाचे आडनाव पडत नाही, याची मोठी उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. नीरेकाठच्या होळ या लहानशा गावाचे नाव मल्हारराव होळकरांबरोबर माळव्यात गेले आणि इंदूरच्या गादीचे नाव झाले. मास्टर दीनानाथांनी गोव्यातील मंगेशी या आपल्या गावावरून मंगेशकर हे नाव घेतले, आणि १९२९ साली इंदुरात जन्मलेल्या त्यांच्या मुलीने ते जगभर नेले. या दोन्ही नावांचा विस्तार मूळ गावापासून शेकडो कोस दूर झाला. नकाशावर असे आडनाव मांडले तर मधोमध मूळ गावाची जागा जवळपास रिकामी, आणि भोवती दूरदूर पसरलेले ठिपके, असे चित्र उमटते. 'कर'कारान्त आडनावाच्या भौगोलिक विस्ताराचे हे सर्वसाधारण रूप म्हणता येईल.

आता हे नाव देणारे गावाबाहेरचे लोक कोण, याकडे वळू. येथे मराठवाड्याचा इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा पडतो. चाकूरचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा एकमेकींच्या शेजारी वावरत होत्या, आणि माणसाच्या अंगावर त्याच्या गावाचे किंवा घराण्याचे नाव चढवण्याची प्रत्येक भाषेची रीत निराळी होती. कानडीत गावाचे नाव प्रत्ययाशिवाय, तसेच्या तसे माणसाला लागते : गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर. उर्दूत गावाला ईकार जोडला की काम भागते : सिराज औरंगाबादी. तेलुगूत 'वारु' हा आदरार्थी बहुवचनी शब्द घराच्या नावाला लागतो. त्याचे मराठी वळण म्हणजे नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडील 'वार'कारान्त आडनावे. मुखेडला जन्मलेले नागनाथ कोत्तापल्ले यांच्या आडनावातला 'पल्ले' हाही तेलुगूतील गावच होय.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. चाकूरचा माणूस कानडी मुलखात गेला असता तर कदाचित नुसता 'चाकूर' झाला असता, शायरी करता तर 'चाकूरी' म्हणून मिरवला असता. तो 'चाकूरकर' झाला, याचा अर्थ त्याला ओळखणारे, त्याला हाक मारणारे लोक मराठी होते. आडनावातील गाव हे माणसाच्या निघण्याचे ठिकाण सांगते, आणि प्रत्यय हा तो जेथे पोहोचला तेथील भाषा सांगतो. पाच अक्षरांच्या प्रवासवर्णनात दोन्ही टोके सापडतात.

निजामी राजवटीतील कागदपत्रे पाहणाऱ्यांना दुसरी एक अडचण भेटते. जमिनीच्या आणि महसुलाच्या जुन्या नोंदींत माणसाचे नाव बहुधा 'अमुक वल्द तमुक' अशा रीतीने येते : स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गाव. आडनाव असतेच असे नाही. गावाच्या दप्तरात गावाचे नाव कागदाच्या माथ्यावरच असल्याने ते प्रत्येक माणसाला पुन्हा लावण्याचे प्रयोजनही नव्हते. गावात माणसाची ओळख पटायची ती त्याच्या कामावरून, वतनावरून किंवा जातीवरून. पाटील, कुलकर्णी, देशपांडे ही मुळात आडनावे नव्हेत, ती कामे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात वतनदार-बलुतेदारांची जी मांडणी आहे, तीत माणूस कोण हे त्याच्या कामाने ठरते, नावाने नाही. आडनावाची सक्ती आली ती शाळेच्या दाखल्याबरोबर, कोर्टाच्या कागदाबरोबर, नोकरीच्या अर्जाबरोबर. रकाना आधी आला, आणि तो भरण्यासाठी आडनाव शोधले गेले.

या रकान्याचे मराठीतील सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण साताऱ्याच्या सरकारी शाळेतील आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव लिहिले गेले. घराण्याचे आडनाव सकपाळ. मूळ गाव कोकणातील, मंडणगड तालुक्यातील आंबडवे. जन्म मात्र १८९१ साली महू येथील. म्हणजे ज्या गावात जन्म झाला नाही त्या गावाचा धागा सांगणारे नाव, तिसऱ्याच गावातील शाळेच्या वहीत, कायमचे लागले. गावगाड्याने जी ओळख दिली होती ती मागे ठेवून केवळ 'अमक्या गावचा' एवढीच ओळख पुढे न्यायची सोय 'कर' या प्रत्ययात आहे, ती अशी. चाकूरकर म्हटल्याने तो ब्राह्मण, मराठा, लिंगायत, माळी की मातंग, हे कळत नाही. गावाचे नाव सर्वांचे असते; गावात राहून ज्यांच्या वाट्याला ते समानतेने आले नाही, त्यांनाही गावाबाहेर पडल्यावर ते समानतेने लावता येते.

आता त्या सुप्रसिद्ध घराकडे. शिवराज पाटील यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९३५ रोजी चाकूर येथे झाला. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात आणि मुंबईत. लातूरचे नगराध्यक्ष, आमदार, १९८० पासून लातूरचे खासदार, १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष, २००४ ते २००८ केंद्रीय गृहमंत्री, पुढे पंजाबचे राज्यपाल. डिसेंबर २०२५ मध्ये लातूर येथे त्यांचे निधन झाले. लोकसभेच्या अध्यक्षांच्या यादीत त्यांचे नाव 'शिवराज वि. पाटील' असे आहे. दिल्लीच्या लेखी ते पाटील होते. लातूर-नांदेडकडे मात्र नुसते 'चाकूरकर' म्हटले तरी पुरत असे, आणि वृत्तपत्रे 'शिवराज पाटील चाकूरकर' असे तीनपदरी नाव छापत.

हे तीनपदरी नाव मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनातील एक वैशिष्ट्य आहे. पाटील हे वतनाचे नाव, गावोगावी पाटील. मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने संपले, पण आडनाव म्हणून ते पक्के झाले होते. गावापुरते 'पाटील' पुरते, जिल्ह्यात ते पुरत नाही. तेथे 'कुठले पाटील?' हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचे उत्तर आडनावालाच चिकटते. याच जिल्ह्यातील, १९८५-८६ मध्ये मुख्यमंत्री झालेले शिवाजीराव पाटील निलंगेकर हे त्याच घडणीचे दुसरे उदाहरण. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत लातूरमधून शिवराज पाटील यांचा पराभव केला तो रूपाताई पाटील निलंगेकर यांनी. विजेत्याही पाटील, पराभूतही पाटील. मतदाराने निवड केली ती निलंगेकर आणि चाकूरकर यांच्यात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर शहरातून अर्चना पाटील चाकूरकर या नावाने त्याच घरातील स्नुषा उभ्या राहिल्या. एका पिढीत ओळखीपुरते असलेले गावाचे नाव पुढच्या पिढीत वारशाचे आडनाव होते, ही जी क्रिया इतर घरांत कागदाविना घडून गेली, ती येथे आपल्या डोळ्यांसमोर घडली. मात्र याच भागातले, बाभळगावचे विलासराव देशमुख हे बाभळगावकर झाले नाहीत. त्यामुळे हा नियम यांत्रिक नाही हेही लक्षात ठेवावे.

पण चाकूरकर म्हणजे एकच घर नव्हे, आणि या आडनावाचा विस्तार शोधायचा तर राजकारणाबाहेरच्या वाटा पाहाव्या लागतात. चाकूरच्या परिसरातून माणसे बाहेर पडली त्या वाटा आपल्याला ठाऊक आहेत.

पहिली वाट पंढरीची. वारकरी परंपरेत महाराजांची ओळख गावावरून होते. औशाच्या नाथ संस्थानाचे औसेकर महाराज, नांदेड जिल्ह्यातील देगलूरचे देगलूरकर महाराज. धुंडा महाराज देगलूरकरांचे कीर्तन ऐकणाऱ्या कित्येकांनी देगलूर कधी पाहिलेही नसेल. पण पंढरपुरात ते गावाचे नाव घराघरांत पोहोचले. कीर्तनकाराबरोबर गाव फिरते आणि फडाबरोबर ते पंढरीत मुक्काम करते.

दुसरी वाट हैदराबादची. कचेऱ्या तेथे, वरिष्ठ न्यायालय तेथे, आणि १९१८ पासून उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठही तेथे. मराठवाड्यातील सुशिक्षितांच्या दोन-तीन पिढ्यांची राजधानी पुणे नव्हती, हैदराबाद होती. त्या शहरात आजही ज्या मराठी घरांच्या दारावर मराठवाड्यातील गावाची पाटी दिसते, त्यांचे मूळ या वाटेत शोधावे लागते.

तिसरी वाट संकटाची. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीने अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर बहुतेक परतली, काही तिकडेच राहिली. पुढे १९७२ च्या दुष्काळाने आणखी माणसे हलवली. चौथी वाट नोकरीची आणि शिक्षणाची, आजची. ती पुण्या-मुंबईकडे आणि तेथून परदेशी जाते. या चारही वाटांवर निघालेल्या सगळ्यांना गावाचे आडनाव मिळाले नाही. ज्यांचे आधीचे आडनाव मजबूत होते त्यांनी ते राखले. ऊसतोडीला गेलेल्याला मुकादमाच्या वहीत गाव लागले, पण ते हंगामापुरते. गावाचे नाव आडनाव म्हणून टिकायला माणूस परक्या ठिकाणी स्थिरावावा लागतो आणि त्याचे नाव लिहून ठेवणारा कोणीतरी असावा लागतो.

येथे एका मोठ्या समूहाचा उल्लेख राहून जातो, आणि तो नेहमीच राहून जातो. चाकूर सोडून सर्वाधिक संख्येने, पिढ्यानपिढ्या कोण बाहेर गेले? चाकूरच्या लेकी. लग्न होऊन परगावी गेलेल्या सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांत आहे. अशा घरात ती 'चाकूरकरीण' होते आणि म्हातारपणापर्यंत तीच तिची ओळख राहते. तिचे पाळण्यातले नाव नातवंडांना ठाऊक नसते. 'कर' या प्रत्ययाचे हे स्त्रीलिंगी रूप कोणत्याही दाखल्यावर, सातबाऱ्यावर किंवा मतदारयादीत उतरत नाही. तिच्या मुलांकडे ते जात नाही. तिच्याबरोबरच ते संपते. चाकूरकरांचा नकाशा काढणाऱ्याने कागदावरच्या पुरुषांचे ठिपके मांडून काम संपवले, तर गावाबाहेर गेलेल्या माणसांपैकी बहुसंख्य त्याच्या नकाशाबाहेरच राहतील.

अशा शोधाची पद्धत इंग्लंडात बरीच पुढे गेलेली आहे, म्हणून थोडे तिकडे पाहू. तेथे चर्चच्या परगण्यांतील जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी १५३८ पासून सक्तीच्या झाल्या. १८९० साली हेन्री गपी या अभ्यासकाने शेतकऱ्यांच्या नावांच्या सूचींवरून कोणते आडनाव कोणत्या परगण्यात दाट आहे याचा ग्रंथ लिहिला. १८८१ ची जनगणना नावानिशी संगणकावर आल्यावर एकेका आडनावाचा नकाशा काढणे सोपे झाले. तेथेही गावावरून पडलेली आडनावे पुष्कळ आहेत आणि तीही मुख्यतः गाव सोडलेल्यांनाच पडली. नॉटिंगहॅमजवळ ॲटनबरो नावाचे गाव आहे; त्यावरून पडलेले आडनाव ब्रिटनमध्ये दुर्मिळ आहे. २००९ साली लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावे धारण करणाऱ्या पुरुषांच्या, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावांत समान मूळपुरुषाची खूण सापडली नाही. पण ॲटनबरोंसारख्या दुर्मिळ आडनावांत बहुतेकांचे गुणसूत्र एकाच प्रकारचे निघाले. म्हणजे दुर्मिळ आडनाव हे तेथे बरेचदा एका रक्ताचे लक्षण ठरते.

हा निष्कर्ष उचलून आपल्याकडे लावण्याचा मोह होतो, आणि त्याला आवर घालणे आवश्यक आहे. चाकूरकर हे आडनाव दुर्मिळ आहे म्हणून सगळे चाकूरकर एका कुळाचे, असे म्हणता येत नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या जातींची आणि धर्मांची माणसे बाहेर पडली आणि प्रत्येकाला बाहेरच्यांनी तेच नाव दिले. याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कोकणातील बेने इस्रायल समाजात मिळतो. किहीमकर, रोहेकर, पेणकर, चेउलकर ही त्या ज्यू कुटुंबांचीही आडनावे आहेत. हिंदू पेणकर आणि ज्यू पेणकर यांच्यात समान आहे ते फक्त पेण. हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०-१९०८) यांनी आपल्या समाजाचा इंग्रजीत लिहिलेला इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. अलिबागजवळचे किहीम हे गाव अशा रीतीने भूमध्य समुद्राच्या काठी मुद्रित झाले. पुढे १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला, तेव्हा गावांची ही नावेही बरोबर गेली. इंग्लंडातील ॲटनबरो हे मुख्यतः कुळाचे नाव झाले. आपल्याकडील 'कर' हे शेजाराचे नाव राहिले. कोण कोणाचा वंशज हे ते सांगत नाही; कोण कोणाबरोबर एका पाणवठ्याच्या गावात राहत होते एवढेच सांगते. मात्र तो पाणवठा सर्वांसाठी एक नव्हता, हे त्यात दिसत नाही.

हा फरक केवळ पंडितांपुरता राहिलेला नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मराठवाड्यात कुणबी असल्याच्या जुन्या नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले, तेव्हा निजामकालीन दप्तरांकडे हजारो कुटुंबांचे लक्ष गेले. 'वल्द' लावून लिहिलेल्या पूर्वजाच्या नावापासून आजच्या आडनावापर्यंत वंशावळ जोडून दाखवायची, म्हणजे मधली दोन-तीन पावले घरातील आठवणींवर आणि गावाच्या नावावर टाकावी लागतात. आडनाव जेथे मागाहून आले आहे तेथे ते पुरावा म्हणून किती मागे नेता येते, याची मर्यादा त्या निमित्ताने अनेकांना प्रथमच जाणवली. दुसरीकडे, आडनाव ऐकताच जात ताडण्याची आपली सवय सुटलेली नाही. आणि 'कर' ऐकून ती ताडता आली नाही की 'मूळचे आडनाव काय?' असा पुढचा प्रश्न येतो. ज्या प्रत्ययाने ही चौकशी थांबवण्याची सोय दिली, त्याच्याच मागे जाऊन चौकशी पुरी करण्याचा हा आग्रह आपल्या वर्गांत, कचेऱ्यांत आणि घरभाडे ठरवतानाही चालतो.

गावाचे नाव टिकते म्हणजे काय टिकते, हाही विचार या जिल्ह्यात टाळता येत नाही. चाकूरच्या वरची सगळी नावे बदलली. हैदराबाद संस्थान गेले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. ज्या उस्मानाबाद जिल्ह्यातून १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याचे नाव २०२३ पासून धाराशिव आहे. चाकूरकर या आडनावात यांपैकी एकाही बदलाचा मागमूस नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यातील गावे कोसळली. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी नव्याने वसवली गेली. जुन्या गावठाणावर ढिगारे राहिले, नाव नव्या जागी गेले. जायकवाडी आणि उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावांचीही हीच कथा. अशा गावाच्या नावाचे आडनाव लावणाऱ्या माणसाला आपल्या नावाची जागा जमिनीवर दाखवता येत नाही. तेव्हा आडनाव हा गावाचा शेवटचा कागद ठरतो.

चाकूरच्या विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावरही दोन आडनावांची कथा लिहिलेली आहे, एवढे सांगून थांबतो. चाकूरची महाविद्यालयीन पिढी आधी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाची पदवी घेत असे. दीर्घ आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्या विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले, आणि आंबडव्याचा धागा असलेले ते आडनाव मराठवाड्याच्या ज्ञानपीठावर कोरले गेले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला दुसरे विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हा त्याच्याकडे आला. ते ज्यांच्या नावाचे आहे ते स्वामी रामानंद तीर्थ पूर्वाश्रमीचे व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. संन्यास घेताना त्यांनी खेडगीकर हे नाव सोडले. एका नावाने गाव सोबत नेले आणि जात मागे ठेवली. दुसऱ्याने संन्यासाबरोबर गावही मागे ठेवले. त्याच नांदेडात पीपल्स कॉलेजात शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी वसमतजवळच्या कुरुंद्याचे नाव मराठी समीक्षेत कायमचे नेऊन ठेवले. समीक्षेचा विद्यार्थी हे नाव रोज घेतो. ते एका गावाचे नाव आहे हे त्याला बहुधा आठवत नाही.

आमच्या वाचकांत मराठीचे शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात दरवर्षी एक नवा हजेरीपट येतो. त्यातील 'कर'कारान्त आडनावे वेगळी काढून प्रत्येकाला तीन प्रश्न विचारता येतील : हे गाव कुठे आहे, तुमच्या घरातील कोण ते सोडून निघाले, आणि आज तेथे तुमचे कोणी आहे काय? जातीचा प्रश्न त्यात विचारू नये. त्याची गरजही पडणार नाही. मग चौथा प्रश्न सर्व विद्यार्थ्यांना, आडनाव काहीही असो : तुमच्या आजीला सासरी कोणत्या गावच्या नावाने हाक मारीत? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे उद्याही कुठल्यातरी कागदावर सापडतील. चौथ्याचे उत्तर आज ज्या घरात आजी हयात आहे, तेथेच मिळेल.